हवापालट

'हवापालट' हा शब्द आमच्या घरी अनेक वर्षे केवळ आजाऱ्यांसाठी राखून ठेवलेला होता. क्षयातून उठलेला एखादा काका मिरजेला किंवा पाचगणीला गेला, म्हणजे तो हवापालटास गेला. धडधाकट माणसाने हातातले काम टाकून, साठवलेला पैसा मोडून समुद्र पाहण्यासाठी दुसऱ्या गावाच्या समुद्रावर जावे, ही गोष्ट वसईच्या वाडीत वाढलेल्या माणसाच्या पचनी पडणारी नव्हती. समुद्र आपल्याला काय कमी आहे?

आम्ही उभयतांनी सदतीस वर्षांच्या संसारात प्रवास थोडा केला असे नाही. वेलंकणी झाले, जुने गोवे झाले, बांद्र्याच्या माउंट मेरीची जत्रा तर वर्षाची ठरलेली. लग्ने, बाप्तिस्मे आणि मयते यांच्या निमित्ताने नालासोपाऱ्यापासून नाशिकपर्यंतचे रस्ते पाठ झाले. परंतु काही कारण नसताना, केवळ बसून राहण्यासाठी, आम्ही कोठेही गेलो नव्हतो. एकाची नोकरी बँकेत, एकाची शाळेत. एकाने पहाटे पाचची गाडी पकडायची आणि दुसऱ्याने मुलांना आवरून नऊची शाळा गाठायची. त्या वर्षांत आम्ही एकमेकांशी बोललो नाही असे कोणी म्हणणार नाही. गॅस संपला, फी भरायची आहे, पंप बंद पडला, इस्त्रीचे कपडे आणा, हे सारे बोलणेच होते. संसार अशाच बोलण्यावर चालतो, आणि आमचा उत्तम चालला.

पुढे दोघेही निवृत्त झालो, आणि बोलण्याची ही कारणे एकेक करून गळून पडली. गेल्या वर्षी कॅनडातल्या मुलाने, आम्ही कायमचे तिकडे यावे म्हणून लागणाऱ्या कागदपत्रांची यादी पाठवली. ती आम्ही छापून घेतली आणि फ्रीजच्या दारावर चुंबकाने लावली. दिवसातून वीस वेळा तिच्यासमोरून आमची ये-जा होत असे. तिच्याविषयी एक अक्षर मात्र दोघांपैकी कोणी काढीत नसे. नाताळाचे कंदील उतरवले, गोठ्याची मांडणी पेटीत गेली, उरलेल्या नेवऱ्या डब्यात भरल्या, तरी यादी जिथल्या तिथे. आमच्या एका भाचीच्या हे ध्यानात आले असावे. तिने आम्हांला न विचारता जानेवारीतील सहा दिवसांसाठी रेवदंड्याला एका वाडीत खोली ठरवून टाकली, पैसेही भरले. भरलेले पैसे वाया घालवणे हे तर हवापालटाहूनही मोठे पाप. आम्ही निघालो.

विरार गाडीने चर्चगेट, तिथून टॅक्सीने गेटवे आणि पुढे लाँचने मांडवा. हिवाळ्यात या वाटेवर पांढऱ्या कुरव पक्ष्यांचे थवे लाँचच्या मागे लागतात. लोक त्यांना कुरकुरीत शेव भिरकावतात आणि पक्षी ती हवेतच टिपतात. आमच्या शेजारच्या बाकावरील गृहस्थांनी हा प्रकार पक्ष्यांच्या प्रकृतीला कसा घातक आहे यावर मांडवा येईपर्यंत व्याख्यान दिले, आणि उतरताना उरलेली शेव स्वतः खाल्ली. मांडव्याहून अलिबाग आणि अलिबागेहून सतराएक किलोमीटरवर रेवदंडा.

रेवदंड्यात शिरताना रस्ता किल्ल्याच्या तटातूनच आत जातो. वसईकराला याचे फार नवल वाटते. आमचा किल्ला गावाबाहेर. तो पाहायला जायचे आणि पाहून परत यायचे. इथे तटाच्या आत माणसे नांदतात. नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांतून वाहणारे पाटाचे पाणी, आणि मधूनच एखाद्या चर्चची उघडी पडलेली भिंत, तिच्या कमानीला टेकवून ठेवलेली सायकल. पोर्तुगीजांनी १५२१ च्या सुमारास हा कोट बांधायला घेतला. त्यांच्या कागदांतले 'चौल' ते हेच. फ्रान्सिस्कन संन्याशांच्या चर्चचा उंच मनोरा अजून उभा आहे. लोक त्याला सातखणी म्हणतात, पण वरचे खण केव्हाच ढासळले आहेत. १७३९ मध्ये वसई पडली आणि पुढच्याच वर्षी, तहाने, चौलही मराठ्यांच्या हाती आले. शाळेत शिकताना या दोन सनांमध्ये एक रेघ मारलेली असायची, एवढेच आम्हांला आठवत होते.

आमची खोली पोफळीच्या वाडीत होती. वाडीचे मालक पन्नाशीचे. आम्ही त्यांना दादा म्हणू लागलो आणि त्यांच्या पत्नीला वहिनी. ती दोघे आम्हांला काका-काकू म्हणत. पहिल्या दिवशी आम्ही सवयीने साडेचारला जागे झालो. थंडी चांगलीच होती. वर झावळ्यांवरून दव थेंबाथेंबाने पडत होते. अंथरूण नीट घड्या करून ठेवले, आंघोळी उरकल्या, आणि मग पाच वाजता दोन खुर्च्यांवर समोरासमोर बसून राहिलो. साडेसहाला दादा पाणी सोडायला आले, ते थबकलेच. "काका, कसली गाडी पकडायची आहे?" असे त्यांनी विचारले. त्यांना काय उत्तर द्यावे हे आम्हांला सुचेना.

विश्रांती घ्यायलाही अभ्यास लागतो. दुसऱ्या दिवशी आम्ही सहाला उठलो, तिसऱ्या दिवशी सातला. समुद्राची वाळू इथे काळसर आहे. तिच्यावरून सकाळी एक फेरी, दुपारी झोप, संध्याकाळी कुंडलिकेच्या मुखाशी परतणाऱ्या होड्या पाहत बसणे, याखेरीज काही करायचे नाही असा नेमच केला. तिसऱ्या रात्री वहिनींनी पोपटी लावली. भात कापून झाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर या भागात वाल पेरतात, आणि जानेवारीत त्याच्या कोवळ्या शेंगा भरतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, वर शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, ओवा, जाडे मीठ, पुन्हा पाला. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. मडके उपडे ठेवायचे आणि भोवती पेंढा-गोवऱ्यांचा जाळ करायचा. भांबुर्ड्याचा तो उग्र वास शेंगांत उतरतो. त्याची सर दुसऱ्या कशाला नाही. आम्हांपैकी एकाला वाडवळ शेजाऱ्यांकडची उकडहंडी आठवली, दुसऱ्याने ती आठवण खोडून काढली. उकडहंडीत कंद हवेत, ही जात वेगळी, असा वाद जाळ विझेपर्यंत चालला. असा निरुपयोगी वाद आम्ही किती वर्षांनी घातला होता, हे अंथरुणावर पडल्यावर ध्यानात आले.

रेवदंड्यात बेने इस्रायलींचे एक सिनेगॉग आहे, बेथ एल नावाचे. चौथ्या दिवशी सकाळी आम्ही तिकडे गेलो. फार पूर्वी जवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटले आणि त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला समाज वाढला, अशी या लोकांची परंपरा सांगते. त्यांनी तेल गाळण्याचा धंदा धरला. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून आसपासचे लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. शतकांच्या ओघात त्यांची हिब्रू गेली. एक-दोन प्रार्थनांचे शब्द तेवढे ओठांवर राहिले. घरात, शेतात, बाजारात सगळी मराठी झाली. आडनावेही गावांवरून पडली, केहिमकर, पेणकर, नवगावकर अशी. पण शनिवारचा घाणा बंद तो बंद. पुढे बाहेरचे धर्मबंधू त्यांना भेटले, तेव्हा हे आपलेच लोक आहेत याची खूण पटवणाऱ्या मोजक्या गोष्टींत ही सुट्टी होती. आठवड्यातला एक दिवस काही न करणे, एवढ्या बळावर एक समाज इतकी शतके तरला. आम्ही त्या बंद दारासमोर उभे राहून बराच वेळ याचा विचार करीत होतो.

१९४८ नंतर त्यांच्यातले बहुतेक इस्रायलला गेले. तिथे जाऊन त्यांनी 'मायबोली' या नावाचे मराठी नियतकालिक काढले. हिब्रू हरवून मराठी झालेले लोक हिब्रूच्या देशात परतले, आणि तिथे त्यांना मराठीची आठवण व्याकूळ करू लागली! परतताना आम्हांपैकी एकजण हळूच म्हणाला की, कॅनडात मराठी मंडळे पुष्कळ आहेत. दुसरा काही बोलला नाही. यादीचा विषय घराबाहेर निघाला तो असा, आणि लगेच आत गेला.

पाचवा दिवस रविवार होता. कुंडलिकेवरचा पूल ओलांडून, साळावचा लोखंडाचा कारखाना मागे टाकून, आम्ही रिक्षाने कोर्लईला मिस्सेला गेलो. कोर्लई म्हणजे समुद्रात लांबवर घुसलेला एक डोंगर. माथ्यावर किल्ला, खाली गाव. अहमदनगरच्या निजामशाहीकडून पोर्तुगीजांनी हा डोंगर १५९४ मध्ये घेतला. गावातील चर्च कार्मेल मातेचे. उपासना मराठीत झाली, गीते मराठीत झाली, त्यांतली दोन-तीन आमच्या ओळखीची होती. शेवटचा आशीर्वाद झाला, माणसे बाहेर पडली, आणि पायऱ्या उतरता उतरता भाषाच बदलली. दोन बायका कोणाच्या तरी आजारपणाविषयी बोलत असाव्यात. त्यांच्या चेहऱ्यावरून आम्ही तेवढे ताडले. शब्द एकही कळेना. एका आजीने अंगणात धावणाऱ्या नातवाला हाक मारून काही विचारले, आणि त्या सात-आठ वर्षांच्या मुलाने न थांबता, मागे न पाहता, त्याच भाषेत उत्तर दिले.

या भाषेविषयी आम्ही वाचले होते. तिथले लोक तिला 'नॉ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आमची भाषा'. बोलणारी माणसे जेमतेम हजारभर. शब्द बहुतांशी पोर्तुगीजांचे, पण वाक्याची मांडणी मराठीच्या वळणाची, क्रियापद शेवटी. क्लॅन्सी क्लेमेंट्स नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर वर्षानुवर्षे काम करून १९९६ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. १७४० मध्ये पोर्तुगीज सत्ता गेली, अधिकारी गेले, पैसेवाले गेले. मागे राहिली ती गरीब ख्रिस्ती कुटुंबे. भोवतालच्या गावांशी धर्म वेगळा, रोटी-बेटी वेगळी, त्यामुळे ती आपसांतच बोलत राहिली. या भाषेला शाळा नव्हती, दरबार नव्हता. पावणेतीनशेहून अधिक वर्षे ती घराच्या ओट्यावर टिकली आहे.

आणि आमच्याकडे? १९०६ साली मोन्सिन्योर दालगाद यांनी उत्तरेकडील इंडो-पोर्तुगीज बोलीवर एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. वसई, साष्टी, मुंबई या आपल्याच भागांत अशी बोली तेव्हा बोलली जात होती. आज वसईत तिचा मागमूस नाही. पगार, चावी, पाव, मेज, इस्त्री असे सुटे शब्द उरले आहेत, पण ते तर सगळ्या महाराष्ट्राचेच झाले. आम्ही कुपारी. आमची बोली कादोडी. ती आमच्या आईवडिलांची श्वासासारखी भाषा. मुले इंग्रजी शाळेत गेली, तेव्हा आम्ही घरात मराठी आणि इंग्रजी धरली, कादोडी सणासुदीला आणि म्हाताऱ्यांच्या खोलीत राहिली. त्या निर्णयावर मुलांची पोटे भरली आहेत, आणि आज कोणी विचारले तर आम्ही त्याचे समर्थनच करू. परंतु म्हातारी गेली, त्यांची खोली रिकामी झाली, तेव्हा त्या खोलीत नेमके काय बोलले जात असे, हे आठवायला आम्हांला कष्ट पडू लागले, हेही तितकेच खरे.

त्या आजींशी ओळख झाली ती नेवऱ्यांमुळे. डबा आम्ही बरोबर नेला होता. नातवाच्या हातावर एक ठेवली, तशा आजी आम्हांला घरी घेऊन गेल्या, ओट्यावर बसवले, चहा आला. आमच्याशी त्या स्वच्छ मराठीत बोलत होत्या. "शाळेत मराठी, देवळात मराठी, बाजारात मराठी," त्या म्हणाल्या, "घरात आमचं." मग विचारले, "तुम्ही वसईचे. तुमच्यात काय बोलतात?" आम्ही कादोडीविषयी सांगितले. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "बोलून दाखवा बघू."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. सदतीस वर्षे एका छपराखाली राहिलेली दोन माणसे, पण बोलायचे काय? गॅस संपलेला नव्हता. पंप इथे नव्हता. एखाद्या शाळकरी मुलाला 'काहीतरी इंग्रजीत बोल' म्हटल्यावर तो जसा गोठतो, तसे आमचे झाले. आजी थोडा वेळ वाट पाहत राहिल्या, मग खळखळून हसल्या. "सुचत नाही? मग भांडा की!"

आणि आम्ही भांडलो. कोणी सुरुवात केली हे सांगता येणार नाही, इतके ते सहज झाले. यादीवरूनच सुरू झाले. एकाचे म्हणणे, गुडघे आता जिने चढू देत नाहीत, मुलगा तिकडे एकटा, नात चार वर्षांची झाली, ती आपल्याला पडद्यावरची माणसे समजते. दुसऱ्याचे म्हणणे, तिथल्या बर्फात गुडघ्यांना काय पालवी फुटणार आहे? केळीच्या बागेचे काय, विहिरीचे काय, आणि ज्या घरात दोघेही दिवसभर कामाला जाणार, त्या घरात आपण बोलायचे कोणाशी? पहिला म्हणाला, माझ्याशी बोल. दुसरा म्हणाला, इतकी वर्षे कुठे बोलत होतास? हे मराठीत म्हटले असते, तर फार कठोर झाले असते. इंग्रजीत तर बोललेच गेले नसते. कादोडीत ते आईने पोराच्या पाठीत घातलेल्या धपाट्यासारखे आले आणि दोघांनाही हसू फुटले. आजींना त्यातला 'कॅनडा' एवढाच शब्द कळला असणार. पण त्या एकदा इकडे, एकदा तिकडे अशी मान हलवीत होत्या, जणू साक्षीदार.

पुढे त्यांनी आपले सांगितले. दोन मुलगे मुंबईला आहेत. सुना बाहेरच्या, चांगल्या आहेत, पण घरात हिंदी चालते. हा नातू मुलीचा, गावात असतो म्हणून बोलतो. "हा पण जाईल," त्या सरळ म्हणाल्या. दुःखाचा सूर त्यात नव्हता. वाल निघाले की पेंढा जाळायचा, तशा सुरात म्हणाल्या. निघताना आम्ही डबा तिथेच ठेवला, तर त्यांनी तो रिकामा परत द्यायचा नाही म्हणून त्यात सुके बोंबील भरले. नंतर चार दिवस आमच्या पिशवीला तो वास होता.

त्या दुपारी आम्ही कोर्लईच्या दीपगृहाच्या बाजूने पायऱ्या चढून किल्ल्यावर गेलो. गुडघ्यांनी मध्ये तीनदा थांबवले. माथा इतका अरुंद आहे की, चालताना दोन्ही हातांना समुद्र दिसतो. एका बाजूला खाडी आणि पलीकडे रेवदंड्याचा काळा किनारा, दुसऱ्या बाजूला मोकळा अरबी समुद्र. छप्पर उडालेले एक प्रार्थनामंदिर, पोर्तुगीज अक्षरांचे दगड, वाळलेले गवत. सावलीला बसून आम्ही दोन तास बोललो, कादोडीतच. एखादा शब्द अडला की दोघेही शोधत बसायचो. विहिरीच्या रहाटाच्या एका भागाचे नाव दोघांनाही आठवेना. ते संध्याकाळी रिक्षात एकाला एकदम आठवले आणि तो इतक्या मोठ्याने ओरडला की, रिक्षावाल्याने ब्रेक दाबला.

शेवटच्या रात्री मुलाचा फोन आला. तिकडे सकाळ होती. उणे अठरा आहे, गाडीवरचा बर्फ खरवडून आत्ताच आत आलो, असे तो म्हणाला. कागदांचे काय झाले, हेही त्याने विचारले. आम्ही फोन दोघांच्या मध्ये ठेवला आणि त्याला सांगितले की, कागद पावसाळा संपेपर्यंत राहू देत. मे महिन्यात नातीला घेऊन तू ये, महिनाभर राहा, मग बसून ठरवू. हे आम्ही कादोडीत सांगितले. पलीकडे काही क्षण काहीच ऐकू आले नाही. फोन कट झाला असावा असे वाटले. मग त्याने, अडखळत, पण आपल्या आजीच्याच हेलात विचारले की, तुम्ही आहात तिथे थंडी किती आहे?

आम्ही म्हटले, फार नाही. एक गोधडी पुरते.